पाखरं पाहून पोट भरते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून साठीच्या आसपासच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. गुडघे धरल्यामुळे दोन हंगामांपासून त्यांचं वावरात जाणं बंद झालं. घरचं सगळं त्याच आवरतात, पण निंदण आणि कापूस वेचणी आता होत नाही. सकाळी आणि दिवेलागणीला त्या मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, बाज टाकून बसतात. तिथे एक जुना कडुनिंब आहे, गोडनिंब (कढीपत्ता) आहे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि अळू आहे, घराच्या भिंतीला टेकून रचलेल्या पऱ्हाट्या (कापसाच्या वाळल्या काड्या) आहेत. कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे लहान घुबडांची, जोडी राहते. "आधी नुसती बसत होती. मग एकेक दिसायला लागलं. आता डोळा उघडला की आधी मागचं दार उघडावं वाटते," असं त्या लिहितात. शेजारणी हसतात. "काय पाहून राह्यली वं? पाखरं पाहून पोट भरते का?" घरात पीककर्ज थकलं आहे, मालक उन्हातान्हात राबतात, आणि आपण यात रमतो याची ताईंना लाज वाटते. पिंगळा घराला चांगला नाही, असंही कोणी तरी त्यांच्या डोक्यात घातलं आहे. त्यात दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाला पऱ्हाट्यांपाशी साप दिसला. मे महिन्यात सहा वर्षांचा नातू येणार, तोवर झाड तोडून सगळ्या सांदवाडीला फरशी घालू, होळीपर्यंत पैसे पाठवतो, असं त्यानं सांगितलं आहे. ताईंचा प्रश्न असा: "पोराचं खरं आहे. पण मले रडू येते. पाखरांसाठी त्याले अडवावं का? मले वेड तर नाही लागलं?"

ताई,

वेड लागलेलं नाही. हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकला आहे, पण मला वाटतं सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलं गेलं, म्हणून त्याचं उत्तर आधी.

पत्राच्या मध्ये तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे. गोडनिंबाच्या पानावर चिमणीची शिट दिसली, भाजीला पानं तोडायची म्हणून तुम्ही ती झटकायला गेलात, आणि ती हलली. मग तुम्ही रोज त्या फांदीकडे पाहत राहिलात. काही दिवसांनी ती काळी-पांढरी अळी हिरवीगार झाली. काडी लावली तर तिनं डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. पुढे तिनं एका धाग्यानं स्वतःला फांदीला बांधून घेतलं आणि ती गप्प झाली. एक दिवस तुम्ही चहा ठेवायला आत गेलात, मग कामात गुंतलात आणि परत येईतो कोष रिकामा. कोण होतं ते कळलंच नाही, याची चुटपुट तुम्हाला अजून आहे.

ते लिंबू फुलपाखरू असणार, काळ्या पंखांवर फिक्कट पिवळे ठिपके असतात ते. किंवा त्याच्याच गोतावळ्यातलं मॉर्मन, जवळजवळ काळं. दोघांच्याही अळ्या लिंबावर आणि गोडनिंबावर वाढतात, आणि दोन्ही लहानपणी हुबेहूब पाखराच्या शिटेसारख्या दिसतात. शिटेला कोण चोच लावणार! अंग मोठं झालं की ते सोंग पुरत नाही, तेव्हा अळी पानाचा रंग घेते. तुम्ही पाहिलेली ती नारिंगी शिंगं एरवी आत दुमडलेली असतात. मुंगी, कोळी किंवा पाखरू अंगाशी आलं तरच ती बाहेर येतात आणि त्या वासानं शत्रू मागे हटतो. पुढच्या वेळी कोषावर लक्ष ठेवा. तो काळपट पडून आतल्या पंखांची नक्षी दिसायला लागली की फुलपाखरू आता निघणार असं समजायचं, आणि बहुतेक वेळा ते सकाळचं निघतं. त्या दिवशी चहा उशिरा झाला तरी चालेल. ओले, चुरगळलेले पंख घेऊन ते बाहेर येतं, कोषालाच लटकून राहतं, पंख भरेपर्यंत हलत नाही. उडण्याआधी पोटभर पाहता येईल.

इतकं सविस्तर अशासाठी लिहिलं, की तुम्ही जे केलंत त्याला निरीक्षण म्हणतात. एका अळीचं जवळजवळ सगळं आयुष्य तुम्ही पुस्तकाशिवाय, कोणी दाखवल्याशिवाय, बाजेवर बसून पाहिलंत. "मी सातवी शिकलेली, मले यातलं काय कळते" असं तुम्ही लिहिता. कळतं, ताई. जे दिसलं ते तुम्ही क्रमानं आणि पदरचं काही न घालता लिहिलं आहे.

आता लाजेचं. घरात कर्ज असताना आपण आनंदात असू नये, असं तुम्ही धरून चालला आहात. थोडं तपासून पाहू. तुम्ही मागच्या दारी बसला नाहीत, तर कर्जाचा एखादा हप्ता फिटणार आहे का? कापसाचा भाव वाढणार आहे का? तुमच्या हातचं कोणतंही काम तुम्ही टाकलेलं नाही, फक्त गुडघ्यांनी जे काढून घेतलं ते गेलं. त्याच वेळात तुम्ही टीव्हीवरच्या मालिका पाहत बसला असतात, तर एकाही शेजारणीनं पोटाचा हिशेब विचारला नसता. शिवाय दुसरी एक गोष्ट तुमच्याच पत्रात आहे. नीळकंठ विजेच्या तारेवरून झेप घेऊन नाकतोडा कसा उचलतो, ते तुम्ही जेवताना मालकांना सांगितलंत आणि ते म्हणाले, "आपल्या वावरातही बसते तो, धुऱ्यावर." दिवसभर राबून आलेल्या माणसाशी त्या रात्री घरात कर्ज सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलणं झालं. ते अधूनमधून होत राहू द्या. त्यांना वावरात काय दिसलं, तेही विचारत जा.

पिंगळ्याबद्दल स्पष्टच लिहिते. तो अपशकुनी नाही. तुमच्या घरावर कर्ज चढलं ते बोंडअळीनं, अवकाळीनं आणि बाजारानं. ती जोडी त्याच्या आधीपासून ढोलीत राहते, हे तुम्हीच लिहिलं आहे. घुबडाच्या जातीच्या पाखरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा कोणी पिटाळून लावायला आलं तर तेही सांगता येईल. तुम्ही विचारलं आहे की तो आपल्याकडे पाहून मान खालीवर का करतो. घुबडांचे डोळे आपल्यासारखे खोबणीत फिरत नाहीत. समोरची वस्तू किती लांब आहे, याचा अंदाज घ्यायला त्याला अख्खं डोकं हलवावं लागतं. तुम्ही त्याला पाहता तेव्हा तोही तुमचं अंतर मोजत असतो.

"आमच्या मागे काही ताडोब्यासारखं वाघबिघ नाही," असं तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलं आहे. म्हणून याच पिंगळ्याच्या एका भाऊबंदाची हकिकत सांगते. रानपिंगळा नावाचं पाखरू 1884 नंतर कोणालाही खात्रीनं दिसलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच धरलं गेलं होतं. 1997 च्या नोव्हेंबरात ते खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, आणि पुढे आपल्या मेळघाटातही त्याची नोंद झाली. 113 वर्षं हरवलेलं हे पाखरू लांबून तुमच्या कडुनिंबावरच्या पिंगळ्यासारखंच दिसतं. फरक बारीक आहेत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. ज्याच्या डोळ्यांत साधा पिंगळा नीट बसलेला नाही, त्याच्यासमोर रानपिंगळा येऊन बसला तरी ओळखू यायचा नाही. घरामागचं साधं पाखरू रोज पाहण्याला माझ्या लेखी म्हणूनच मोठी किंमत आहे. सफारीला जाणाऱ्यांचं कौतुक आहेच, पण तीन तास जिप्सीत बसून वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परतणारी माणसं मी पाहिली आहेत. वाटेतले सातभाई, सुतार पक्षी, कोळ्यांची जाळी यांतलं काहीच त्यांनी पाहिलेलं नसतं.

आता मुलाचं. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

त्याची भीती खरी आहे. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत, आणि सहा वर्षांचं पोर पाहून पाय टाकत नाही. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून, लांबलचक, पिवळसर-तपकिरी आणि सरसर भिंतीकडे गेला त्यावरून, ती बिनविषारी धामण वाटते. पण पत्रावरून साप ओळखू नये आणि लांबून पाहूनही खात्री धरू नये. मुलाला "काही होत नाही" म्हणून गप्प करू नका. लेकराचा बाप आहे तो.

फक्त त्याचा उपाय त्याच्या भीतीला पुरा पडतो का, एवढं त्याच्याशी बोला. साप फुलपाखरांसाठी येत नाही. तो उंदरांमागे येतो, आणि उंदीर येतात ते घरातल्या तुरीसाठी, सोयाबीनसाठी, कुटाराच्या (भुशाच्या) ढिगासाठी. सगळ्या सांदवाडीला फरशी घातली आणि धान्य पोत्यांतच राहिलं, तर उंदीर राहतील आणि साप मोरीच्या भोकातून किंवा दाराखालच्या फटीतून येतील. वर कडुनिंब गेला की मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, मागची खोली दिवसभर भाजेल आणि तापलेली फरशी रात्रीही ती थंड होऊ देणार नाही. ज्या नातवासाठी हे चाललं आहे, तो दुपारी खेळेल कुठे?

तेव्हा फरशी घालायचीच, पण सगळीकडे नाही. मागच्या दारापासून न्हाणी आणि संडासापर्यंत तीन फुटांची वाट पक्की करून घ्या, म्हणजे पाय कुठे पडतो ते दिसेल आणि तुमच्या गुडघ्यांनाही सपाट जागा मिळेल. त्या वाटेवर दिवा लावा, पण पिवळा. पांढऱ्या उजेडावर किडे जास्त जमतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक, आणि त्यांच्यामागे कधी सापही. सगळ्यात निकडीचं काम पऱ्हाट्यांचं आहे. तो ढीग घराच्या भिंतीपासून काढून सांदवाडीच्या दूरच्या कोपऱ्यात, खाली दगड लावून जमिनीपासून उचलून रचा. रचताना आणि रोज काढताना आधी काठीनं हलवायचं, मग हात घालायचा. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, मोरीच्या भोकाला बारीक जाळी बसवा, दाराखाली पट्टी लावा. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. एवढ्या कामाला सगळ्या सांदवाडीच्या फरशीपेक्षा खर्च कमीच येईल, आणि धोका मात्र जास्त कमी होईल.

नातू आला की त्याला खाली चटईवर झोपवू नका. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, सुजतही नाही. झोपेत काही चावलं, डास असेल, असं वाटून माणूस पुन्हा झोपतो, तिथेच घात होतो. बाजेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी असू द्या. कधी तसा प्रसंग आलाच तर 108 ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठायचा. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, झाडफूक करणाऱ्याच्या दारात वेळ घालवायचा नाही. हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक घरासाठी मी हे लिहिते आहे. साप घरात शिरला तर मारायच्या भानगडीत न पडता जवळच्या सर्पमित्राला बोलवा. त्याचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवलेला असावा.

मुलाशी बोलताना तुमच्या मनात येईल की पिंगळा उंदीर खातो, नीळकंठ आणि कोतवाल किडे टिपतात, असं फायद्याचं सांगावं. ते खरं आहे, सांगायला हरकत नाही. वावरात अळ्यांसाठी पक्षीथांबे उभे करायला सांगतात ते त्यासाठीच. पण तुमची सगळी बाजू त्या फायद्यावर उभी करू नका. उद्या कोणी उंदराचं औषध आणून ठेवलं की पिंगळ्याचं काम संपलं, असं होईल. आणि ताई, तुम्ही काही उंदरांसाठी पहाटे दार उघडत नाही. म्हणून त्याला सरळ सांगा: "मले तिथं बसायला आवडते." इतक्या वर्षांत घरात कोणाला काय आवडतं ते सगळं तुम्ही सांभाळलंत. तुमची आवड पोराला माहीतच नसेल, तर तो तिला धक्का लावतो आहे हे त्याला कळणार तरी कसं? तो तुमच्याशी भांडत नाही. मागची जागा रिकामी आहे, असं त्याला खरंच वाटतं.

आता जे तुम्हाला हौसेनं करता येईल ते. नावं येत नाहीत म्हणून अडू नका. चानी (खार), होला, साळुंकी, टिटवी, भारद्वाज, कोतवाल ही नावं तुमच्या पत्रातच आली आहेत, म्हणजे सुरुवात आधीच झाली आहे. बाकीच्या पाखरांसाठी मर्लिन नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे. पाखराचा आवाज ऐकवला की ते नाव सुचवतं. चुकतंही कधी, म्हणून नाव पाहिल्यावर पाखराकडे पुन्हा पाहायचं. ते काम नातवावर सोपवा.

घरात भिंतीवर कॅलेंडर असेल, ज्यावर दुधाचा हिशेब लिहिता. त्याच चौकोनात दोन शब्द लिहायचे: कोण आलं, कोण बोललं, काय फुललं. आत्ता या दिवसांत लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. दयाळ पहाटे झाडाच्या शेंड्यावर गायला लागला असेल. ऊन वाढेल तशी तांबटाची टुकटुक वाढत जाईल. पळस फुलला की त्यावर भोरड्यांचे थवे येतात, गुलाबी अंगाचे आणि काळ्या डोक्याचे. ही पाखरं मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरती येतात आणि एप्रिलपर्यंत परत निघून जातात. मृग लागला की ओल्या मातीवर मखमली लाल किडे दिसतील. त्यांचे पाय मोजून पाहा, आठ भरतील, कारण ते कोळ्यांच्या नात्यातले आहेत. त्याच सुमाराला आफ्रिकेकडून चातक येतो आणि सातभाईंच्या घरट्यात गुपचूप अंडं घालतो. पावसाळ्यात केळीच्या किंवा अळूच्या आसपास मोठ्या पानांवर लक्ष ठेवा. शिंपी पाखरू पानाच्या कडा चोचीनं टोचून कोळ्याच्या जाळ्यानं, तंतूंनी आणि कापसानं शिवतं आणि आत घरटं करतं. तुमच्या गावात त्याला कापूस कमी पडायचा नाही. दोन-तीन वर्षांची कॅलेंडरं जपून ठेवलीत, तर कोण कधी येतं हे गावात तुमच्याइतकं नेमकं कोणीच सांगू शकणार नाही.

कडुनिंबाच्या सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवा. पाणी दोन बोटं, मध्ये एक दगड, म्हणजे मधमाशीही बुडणार नाही. रोज पाणी बदलायचं, नाही तर डास होतील. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून ते लांब असावं. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरात आणू नका. बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आई जवळच असते. मांजराचं भय असेल तर उचलून फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकत नाही.

अशीच सांदवाडी असलेल्या बाकीच्या वाचकांना एक कळकळीची विनंती. कापसावरच्या फवारणीतलं उरलेलं औषध घरामागच्या सांबारावर (कोथिंबिरीवर), वांग्यावर, गोडनिंबावर मारू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. जे औषध धडधाकट माणसाला आडवं करतं, ते भाजीवाटे लेकरांच्या ताटात का जाऊ द्यायचं? गोडनिंबाची पाच-सहा पानं अळीनं खाल्ली, तर झाडाला कळतही नाही.

शेजारणींचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यांना पटवायला जाऊ नका. हसणाऱ्यांपैकी जी रोज येते, तिला एकदा बाजेवर बसवून ढोलीकडे बोट दाखवा, बस्स. तिला आवडलं तर ती पुन्हा येईल, नाही आवडलं तर तिचं काही अडलेलं नाही.

आणि ताई, मुलाला फोन होळीच्या आधी करा. पैसे आले, मिस्त्री ठरला, की मग बोलणं अवघड जातं. पिंगळ्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, त्यामुळे आत्ता ढोलीत अंडी किंवा पिल्लं असण्याचा पुरेपूर संभव आहे. झाडाबद्दल काहीही ठरलं तरी तोवर त्याला कुऱ्हाड लागू देऊ नका, हे त्याला आधी सांगा. मग तीन फुटांच्या वाटेचा आणि पत्र्याच्या कोठीचा खर्च मिस्त्रीकडून विचारून ठेवा आणि तो आकडा त्याच फोनवर मुलाच्या कानावर घाला.